नाटकशाळेची पाखाडी

सरका जरा, आत या. ओटीच्या कडेला कुणी बसू नका, वारं लागतं. मोबाइल ठेवा खिशात. ऐकायचं तर नीट ऐका, कारण ही गोष्ट मी हसत सांगणार नाही.

देवघळ तुम्ही पाहिलंय. किनाऱ्यावर बोटी, छत्र्या, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीच्या वर, चढणीवर, झाडीत एक मोठी इमारत दिसते. काळी पडलेली, कौलं घसरलेली. पर्यटक विचारतात, हे देऊळ का? देऊळ नव्हे बाबांनो, ती नाटकशाळा. एके काळी मोठमोठ्या कंपन्या तिथे प्रयोग लावायला धडपडायच्या. बोटीने सामान उतरायचं, बैलगाडीने वर चढायचं. नाटक असलं की देवघळात घरोघरी पाहुणे. आता आत वटवाघळं.

नाटकशाळेला पाच विश्वस्त. दोघं म्हणत होते, विकून टाका. हॉटेलवाला तयार आहे, पाडून खोल्या बांधील, गावातल्या पोरांना कामं मिळतील. दोघं म्हणत होते, दुरुस्त करा, पुन्हा नाटकं लावा, लोक समुद्र बघतात तसं नाटकही बघतील. राहिला पाचवा. विश्राम तोरसकर.

विश्राम भला माणूस. पन्नाशी उलटलेला, किनाऱ्यावर लॉज, घर वरच्या आळीत. एकच खोड. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. हे आले की म्हणायचा, बघू. ते आले की म्हणायचा, बघू. वर्षभर बघू, बघू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती, आणि तिथे 'बघू' चालणार नव्हतं.

तर त्या रात्री काय झालं, ऐका. लॉज गच्च भरलेलं. पाहुण्यांची जेवणं उरकेस्तोवर बराच उशीर झाला. विश्राम निघाला तर त्याच्या गाडीमागे कुणीतरी मोठी गाडी लावून झोपलेलं. आता कुणाला उठवणार? तेवढ्यात घरून सुलभाचा, त्याच्या बायकोचा, फोन.

"रिक्षा करा आणि रस्त्याने या," ती म्हणाली. "पाखाडीने नको."

"रिक्षा कुठून आणू या वेळी? पाखाडीने हा आलो."

"अहो, लीलाताईसुद्धा दिवस मावळला की त्या वाटेला जात नाहीत."

लीलाताई रेगे म्हणजे विश्वस्तांमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. तरुणपणी त्याच नाटकशाळेत काम केलेल्या. नाटकशाळा राखा म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज पहिला. तरी अंधार पडल्यावर त्या तिकडे फिरकत नसत. विश्राम हसला. "त्यांचे गुडघे दुखतात गं," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

पाखाडी म्हणजे आपल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. बाजारामागून सुटते, नाटकशाळेला वळसा घालते आणि वरच्या आळीत निघते. विश्रामच्या पायाखालची वाट. चढताना त्याच्या डोक्यात एकच. सकाळी हात कुणाच्या बाजूने वर करू?

अर्ध्यावर आला आणि वास आला. आधी मोगऱ्याचा. मग त्याच्या मागून दुसरा, तोंडाला लावायच्या रंगाचा, तेलकट. विश्राम थांबला. मोगऱ्याचे दिवस नव्हते. मोबाइलच्या उजेडात पुढे चालू लागला तर त्याची बॅटरीच संपली. आणि अंधारात त्याला दिसलं, नाटकशाळेच्या झरोक्यांतून उजेड येतोय. पिवळा, हलता.

आता तुम्ही म्हणाल, पळाला का नाही? अहो, त्याच्या मनात भूतबित आलंच नाही. त्याला वाटलं, पर्यटकांची पोरं आत घुसून दारू पीत असणार. पेटवली नाटकशाळा म्हणजे? विश्वस्त तो. किल्ली त्याच्या जुडग्यात. गेला दाराशी. कुलूप जसंच्या तसं, गंजलेलं. आतून मात्र माणसांची कुजबुज, खुर्च्यांची करकर. तिथे त्याने विचार करायला हवा होता. कुलूप बाहेरून, मग माणसं आत कशी? नाही केला. किल्ली फिरवली. ऐकताय ना? दार त्याने स्वतःच्या हाताने उघडलं.

आत एक म्हातारा उभा. काळी टोपी, हातात बत्ती. वाकून म्हणाला, "या विश्रामशेठ. खुर्ची ठेवलीय तुमची."

इतकं अदबीने बोलला की विश्रामला नाही म्हणता येईना. आयुष्यभर कुणाला म्हणता आलं नव्हतं, तिथे कुठून येणार? गेला त्याच्यामागून. बघतो तर काय, भिंती रंगवलेल्या. झुंबरं लागलेली. खुर्च्यांवर लाल मखमल. त्याला ठाऊक होतं, खुर्च्यांची मखमल उंदरांनी कधीच खाल्ली. ठाऊक होतं, तरी बसला. मखमल मऊ होती आणि गार होती. ओल्या वाळूसारखी गार.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. आणि बाजूच्या खुर्च्या भरायला लागल्या. कुणी चालत आलं नाही हो. नुसत्या भरत गेल्या. पुढच्या रांगेत कोपऱ्यावरचा सोनार, दोन पावसाळ्यांमागे गेलेला. त्याच्या शेजारी मासे विकणारी आनशी, वादळात होडीसकट बुडालेली, केसांतून पाणी ठिबकतंय.  विश्राम उठायला गेला, तर सदरा खुर्चीला चिकटलेला. ओढला, सुटेना. कुणीतरी मागून मुठीत धरल्यासारखा.

मग त्याच्या लगतच्या खुर्चीत त्याचे वडील बसले.

तेच धोतर, तोच दम्याचा श्वास. त्याच्याकडे न बघता, रंगमंचाकडे डोळे लावून म्हणाले, "हालू नको रे. तिसरा अंक राहिलाय."

विश्राम मला सांगत होता, "भीती वाटली, पण खरं सांगू का? त्या क्षणी मला तिथेच बसावंसं वाटलं. बाबा शेजारी होते."  भूत नुसतं घाबरवत असतं तर सोपं होतं. ते मायेनेही धरतं.

रंगमंचावर मुकुंदराव मणेरीकर उभे होते. हे कोण, ते सांगतो. नावाजलेले नट. कितीतरी वर्षांपूर्वी याच रंगमंचावर, तिसऱ्या अंकात, बोलता बोलता कोसळले. वनवासातून परतलेल्या राजाचं काम. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. उठून टाळ्या वाजवल्या. माणूस समोर मरत होता आणि अख्खं देवघळ टाळ्या वाजवत होतं. त्या रात्री अंक पुरा झाला नाही. पुढे नाटकं येत राहिली, पण हळूहळू कमी झाली, मग बंदच पडली.

तर मुकुंदराव उभे. मुकुट, शेला, चेहऱ्यावर रंग. बोलायला लागले, "इतकी वर्षं मी या दारात उभा आहे. आता हा दिवा..."

आणि थांबले.

विंगेकडे बघितलं. वाक्य आठवून द्यायला तिथे कुणी नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. "इतकी वर्षं मी या दारात उभा आहे. आता हा दिवा..." पुन्हा थांबले. पुन्हा. पुन्हा. दर वेळी एक पाऊल पुढे. चेहऱ्यावरचा रंग ओघळायला लागला, आणि रंगाखाली चेहरा नव्हता.

मग त्यांनी विश्रामकडे बघितलं. आणि सगळ्या नाटकशाळेने बघितलं. मानाच तेवढ्या वळल्या, खांदे नाहीत.

"पुढे काय?" मुकुंदरावांनी विचारलं. आवाज चढवला नाही. भुकेला माणूस भाकरी मागतो तसं विचारलं.

विश्रामला पुढचं वाक्य येत होतं. देवघळात त्या पिढीच्या प्रत्येकाला ते नाटक पाठ. मलाही आहे. दिव्याचं पुढे काय करायचं, ठेवायचा की मालवायचा, ते मला ठाऊक आहे. पण मी म्हणणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. जो ते वाक्य पुरं करून देईल, तो तिथलाच झाला.

शब्द त्याच्या जिभेवर आले. ओठ उघडले. शेजारून वडील म्हणाले, "सांग ना रे. एवढंच तर मागतोय." आणि विश्रामच्या हातावर हात ठेवला.

त्या हाताने वाचवला बघा त्याला. त्याच्या वडिलांचा हात जन्मभर वल्हं मारून मारून खरखरीत झालेला. हा हात मऊ होता. मखमलीसारखा मऊ, गार. विश्रामने ओळखलं. हे बाबा नव्हेत.

त्याने जीभ दाताखाली धरली. रक्त आलं तरी सोडली नाही. सदऱ्याच्या गुंड्या तोडल्या, सदरा खुर्चीत टाकला आणि उघड्या अंगाने उठला. दाराकडे वळला, तर दार कुठाय? चारी बाजूंना नुसत्या खुर्च्या आणि चेहरे. मोकळी जागा एकच, रंगमंच. धावला तिकडेच. चढला वर, मुकुंदरावांच्या अंगावरून, म्हणजे अंगातूनच, आणि विंगेत घुसला. तिथे पडद्याची दोरी. दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळला तिला. कुजकी दोरी, तटकन तुटली. पडदा धाडकन खाली.

एकदम काळोख. धूळ. वटवाघळांची फडफड.

मागचं दार त्याने लाथेने उघडलं आणि करवंदीच्या जाळीत उडी घेतली. पाठीमागे, पडद्याच्या आतून, मुकुंदरावांचा आवाज आला. थकलेला, शांत.

"मग पुढचा प्रयोग कधी?"

'बघू' म्हणायची सवय ना त्याला. आलं होतं तोंडावर. त्यांना 'बघू' म्हटलं असतं तर तो शब्द झाला असता, वायदा झाला असता. पण जीभ दातांत होती, म्हणून वाचला. पायऱ्यांवरून गडगडत बाजारात आला. पहाटे मासळी आणायला निघालेल्या रिक्षावाल्याने उचलून घरी नेला.

दिवस वर आल्यावर लीलाताई आणि दोघं-तिघं नाटकशाळेत गेले. आत खुर्च्या नव्हत्याच, गंजलेले सांगाडे. त्यातल्या एका सांगाड्यावर विश्रामचा सदरा, नीट घडी घालून ठेवलेला.

बैठक त्याच दिवशी झाली. अंगावर ओरखडे, तोंड सुजलेलं, तरी विश्राम गेला. झालं ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. विकणारे म्हणाले, मग पाडूनच टाका. लीलाताई म्हणाल्या, "पाडलीत तर ती माणसं जातील कुठे? खाली उतरतील, आपल्यात." मग त्याच जरा थांबून म्हणाल्या, "आणि दुरुस्त करून उघडली, तर त्या अंकाला उभं कोण राहील, हेही मला कळत नाही." इतकी वर्षं राखा राखा म्हणणारी बाई, पण तिचा आवाज त्या दिवशी पडला.

"विश्राम, तू सांग," सगळे म्हणाले.

विश्रामने तोंड उघडलं. पाडा म्हणायचं की राखा म्हणायचं, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण जिभेवर आलं ते तिसरंच. 'इतकी वर्षं मी या दारात...' त्याने झटकन तोंडावर हात दाबला आणि उठून बाहेर गेला.

तेव्हापासून बैठक पुढे ढकलली जातेय. हॉटेलवाला दर हंगामात येऊन बघून जातो. दर पावसाळ्यात आणखी कौलं पडतात. विश्राम लॉजवर असतो, गिऱ्हाइकांशी खुणेने बोलल्यासारखं थोडकंच बोलतो. सुलभा रात्री जागी असते. तो झोपेत ओठ हलवायला लागला की त्याच्या तोंडावर हात ठेवते.

एवढंच आहे. याच्यापुढे काय होईल, मला विचारू नका. देवघळला गेलात तर खुशाल जा, समुद्र बघा, मासे खा. अंधार पडल्यावर त्या पाखाडीला पाय लावू नका, कितीही घाई असली तरी.

चला, उठा आता. लांबचा पडला तरी रस्त्यानेच जा.