माळवदावरची ज्वारी

माझ्या मेव्हण्याचं नाव काढू नका, चहा कडू लागतो मला. निजामाचं राज होतं. तहसिलीचा उर्दू कागद वाचून घ्यायला मी केजला गेलतो. माघारी आलो तर ह्यानं माझ्या घराच्या गळक्या माळवदावर स्वतःच्या हातानं माती पसरलेली! सगळं गाव पांढरी माती टाकतं, तिच्यातनं पाणी उतरत न्हाई. ह्यानं टाकली माझ्या ज्वारीच्या रानातली काळी!

पाऊस झाला. घरात चिखल गळला, बियाण्याची कणगी भिजली आन् वर ज्वारी उगवली.

हा वर चढून हसतोय, "दाजी, पीक लई झ्याक आलंय!"

माझं टाळकंच सरकलं. शिडी काढून घेतली. म्हणलं, "मग हुरडा होईस्तोवर वरच बसून राखण कर!"