तीन टर्मिनल आणि एक सही

आदरणीय अध्यक्ष श्री. तुळशीरामजी कामडे, व्यासपीठावरील संचालक मंडळ, माझे सहकारी आणि बोरगावहून संत्र्याची तोडणी थांबवून आलेले उत्पादक बंधुभगिनींनो,

आपण पांघरवलेली शाल मी मनापासून स्वीकारतो. परंतु 'हे स्वेच्छेने पांढुर्ण्याला जात आहेत' असे मघाशी सांगण्यात आले, ते मला मान्य नाही. माझी बदली झाली आहे, आणि का झाली हे सौंसरच्या बसस्टँडवरही ठाऊक आहे.

गेल्या दसऱ्याला, वीस ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी रोजी, आपल्या संत्रा उत्पादक संस्थेत संगणक आला. आपली लेखी अट एकच होती: अनेकांना एकदम काम करू देणाऱ्या युनिक्स प्रणालीवर तीन टर्मिनल एकाच वेळी चालावीत, म्हणजे हंगामात तीन खिडक्यांवर मालाची नोंद होईल. मशीन खोक्यातून निघाले, हार पडला, नारळ फुटला. कुंकू मीच लावले. चाचणीआधी पूजा होऊ दिली, ही चूक माझी.

मग मी आपल्या कार्यालयातल्या लिपिक उषाताईंना दुसऱ्या टर्मिनलवर बसवले. स्क्रीनवर अक्षर उमटेना. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "टर्मिनल जोडायचं कार्ड एकदम नवीन आहे, ताई. डॉसवर मस्त चालते."

"पण मी तं युनिक्सवर बसून राहिली ना, भाऊ!"

"त्याचं सॉफ्टवेअर येऊन राहिलं."

"कुठवर आलं? तिगाव स्टेशन सोडलं का त्यानं?"

आपण हसता आहात. त्या दिवशी कोणी हसले नाही. कार्ड नवे असेल, महागही असेल. आपल्या युनिक्सवर ते चालत नसेल, तर आपण ते का घ्यावे? मी पोचपावतीवर सही नाकारली. अध्यक्ष म्हणाले, "पूजा झालेली मशीन वापस करता काय, बडेबाबू?" सज्जनहो, कुंकवाने कार्ड चालते काय?

आज सकाळी त्यांनी मला पुन्हा बोलावले. "सही करा, बदलीचा कागद आत्ता फाडतो." माझी मुलगी इथेच बारावीला आहे, हे त्यांना ठाऊक होते. माझ्यावरचा त्यांचा लोभ खरा होता. मी नाही म्हटले.

उद्यापासून माझी खुर्ची उषाताईंची. मी त्यांना काहीही सुचवले नाही. तरी मघाशी त्यांनी विक्रेत्याला धाडलेल्या पत्राची प्रत माझ्या हाती दिली: 'तिन्ही टर्मिनल चालवून दाखवा, अन्यथा मशीन घेऊन जा.' खाली त्यांची ठसठशीत सही आहे. अध्यक्षमहाराज, बदलीचा आणखी एक कागद टाईप करावा लागेल!

एकोणीस वर्षे आपण मला सांभाळलेत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. न केलेल्या सहीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.