मागच्या सालची गाडी

तुळजापुरात गाडीपूजेच्या रांगेत शामला आपल्या स्कूटीसाठी नारळ घेऊन उभी होती. पुढं, चाकांखाली लिंबं ठेवलेल्या नव्या गाडीपाशी, दोन व्याह्यांची जुंपली होती. गाडी मुलीच्या बापानं होणाऱ्या जावयाला घेतलेली.

“हिंमतराव, ही मागच्या सालची हाय.”

“न्हाय हो, परवाच शोरूममधून काढली.”

“काढली परवा, बनली मागच्या साली. चासी नंबरातलं अक्षरच सांगतंय.”

“पासिंग तर यंदाचं हाय की!”

“विकताना बनल्याचं साल बघत्यात.”

“अजून पूजा झाली न्हाय, अन् तुम्ही विकायचं बोलता?”

“लग्नाआधी बदलून आणा.”

“युवराज, तुमचं काय म्हणणं?”

“पप्पा म्हणतात ते बरोबरय.”

हिंमतरावांच्या सृष्टीनं वाकून चाकाखालचं लिंबू काढलं.

“आबा, चला घरी. हे माझंबी साल विचारायच्या आत.”