मेन कॉक बंद न करता

त्या दिवशी ऊन म्हणजे कसं, तुम्हाला सांगतो, पाऊस सरून आठवडा झालेला, आभाळात ढगाचं चिरगूटसुद्धा नाही, वारा जणू रजेवर गेलेला, मागच्या अंगणातली फरशी अशी तापलेली की मांजर पाय उचलून उचलून चालत होतं... आणि अशा दिवशी आमच्या घरातला आंघोळीचा एकुलता एक टब कुणाकडे? बेडकांकडे! म्हणजे तेव्हा बेडूक नव्हते हो, पिल्लं होती, डोकं, शेपटी आणि मागं काड्यांसारखे दोन पाय. अंगणातल्या टबात ती मजेत, आणि आम्ही माणसं स्वयंपाकाच्या पातेल्यातून अंगावर तांब्या तांब्या घेतोय! सूनबाई रोज विचारायची, "बाबा, ह्या पातेल्यात आधी आंघोळ की आधी भाजी? एकदाचं ठरवून टाका, म्हणजे मी मोकळी!"

आता बोलणार कुणाला? नात कॉलेजात जीवशास्त्र शिकते. तिच्या सरांनी सांगितलेलं, बेडकाची अंडी आणा, आणि शेपूट झडेपर्यंत रोज काय बदलतं ते वहीत लिहा. हिनं डबक्यातून आणली, साबुदाण्यासारखी बुळबुळीत. मी म्हटलं, "ह्यांची आई कुठाय गं?" तर म्हणते, "गेली. ती अंडी घालते आणि जाते. शंभरातलं एखादंच मोठं होतं, आजोबा. बाकीची मासे खातात, पक्षी खातात. तसं नसतं तर जगात नुसते बेडूकच झाले असते." किती शांतपणे सांगितलं पोरीनं! शंभरातलं एखादं?

मी चाळीस वर्षं नळाची कामं केली. शाळा दुसरीतच सुटली, पण भिंतीला कान लावून सांगीन कुठं गळतंय ते. तर एक दिवस नातीनं माझ्या हातात भिंग दिलं. "बघा, पोटातून दिसतंय ते आतडं." बघतो तर काय... बारीक नळीचं भेंडोळं हो! असं सुबक गुंडाळलेलं की आमच्या दुकानातल्या पोऱ्यानं सात जन्म घेतले तरी जमणार नाही. ती म्हणाली, "आत्ता शेवाळ खातात म्हणून लांब आहे. पुढं किडे खायला लागले की हेच आखूड होणार. कल्ले जाऊन फुप्फुसं येणार. हृदयाला एक कप्पा वाढणार." मी म्हटलं, "आणि एवढं काम चालू असताना ते बंद कुठं करायचं?"

"काय बंद?"

"मेन कॉक गं!"

"बंद नाही होत काही, आजोबा. पोहता पोहताच होतं."

अहो, साधी तोटी बदलायची तर आम्ही आधी मेन कॉक बंद करतो, वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडतात, साबण डोळ्यात गेला म्हणून! आणि इथं सगळी पाइपलाइन बदलतेय, पंप बदलतोय, हवा घ्यायची वाट बदलतेय... मेन कॉक बंद न करता!

शेजारी घड्याळवाले राहतात. मधे कमरेएवढी भिंत. ते रोज भिंतीवरून डोकावणार, "काय नळवाले, आजही पारोसे? माणसं पारोशी आणि बेडूक टबात, छान चाललंय!" स्वतः मात्र अंगणात मोठी बादली दोन दोन दिवस आधी भरून ठेवणार. मी हसायचो, शिळ्या पाण्यानं आंघोळ करता म्हणून. तर म्हणायचे, "नळाचा भरवसा मी नळवाल्याइतकाच धरतो!"

तर त्या उन्हाच्या दिवशी... नात तीन दिवसांसाठी मैत्रिणींबरोबर अभ्यासाला गेलेली. जाताना बजावून गेली, "पाण्याला हात लावू नका." पण मी पडलो नळवाला! टबातलं पाणी हिरवं, कडेला बुळबुळ, आणि अकराही पिल्लांना नुकते मागचे पाय फुटलेले. मला वाटलं, पाहुण्यांना असं ठेवतात का? टब घासला. लख्ख केला. काठोकाठ ताजं पाणी सोडलं, थेट नळाचं, औषध मारलेलं. इतका खूश झालो की विचारू नका!

अर्ध्या तासात सगळी वर. आ करून. दोन तर आडवी. मी नातीला फोन लावला. "आजोबा! ते औषध त्यांच्या कल्ल्यांना जाळतं! आणि शेवाळ म्हणजे ताट होतं हो त्यांचं! कुणाकडं उघडं ठेवलेलं शिळं पाणी आहे का? दोन दिवसांचं, औषध उडून गेलेलं?"

शिळं पाणी! मी भिंतीपाशी धावलो, ह्या वयात धावलो, आणि त्यांच्या बादलीकडं बोट दाखवलं. घड्याळवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, टबाकडं बघितलं, आणि खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून, आपली भरलेली बादली भिंतीवरून माझ्या हातात दिली. एवढ्या उन्हात त्या दिवशी ते पारोसेच राहिले.

अकरातली नऊ वाचली. दोन गेली. शंभरातलं एखादंच जगतं, माहीत होतं मला. पण ही दोन माशानं नव्हती खाल्ली, पक्ष्यानं नव्हती नेली. ती माझ्या स्वच्छतेनं गेली. नातीनं वहीत तसं लिहिलं. आजोबांचं नाव मात्र लिहिलं नाही.

पुढं तिनं टबातलं पाणी निम्मं केलं, तिरकी वीट टाकली. म्हणाली, आता फुप्फुसं आली, बाहेर यायला वाट नसेल तर बुडून मरतील. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यात बुडतो! मी रोज सकाळी स्टूल टाकून बसायचो. पुढचे पाय आले. तोंड रुंद होत होतं, तेवढे दिवस जेवण बंद. मग जगतात कशावर? तर शेपटीवर! आपलीच शेपटी आतून जिरवायची आणि त्यावर घर उभं करायचं... मेन कॉक बंद न करता! चाळीस वर्षं मी 'कारागीर' म्हणवून घेतलं हो. कुठल्या तोंडानं?

मग एकेक विटेवर चढला, बसला, आणि गेला. वही पूर्ण झाली. टब रिकामा! मी तो घासला, ह्या वेळी बिनधास्त घासला, काठोकाठ भरला, टॉवेल घेतला, सूनबाईनं पातेलं ताब्यात घेतलं... आणि तेवढ्यात भिंतीवरून घड्याळवाल्यांचा आवाज आला, अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तसा:

"नळवाले, तुमचा एक माझ्या बादलीत उतरलाय. मी वीट टाकलीय तिरकी, त्याला उठवू नका. उद्यापासून मी आंघोळीला तुमच्याकडं येतो."