जलपरीचे खवले

नको, ते खवले ठेवा खाली — अहो, वितळायच्या मेणाच्या वड्याच त्या, वाटीत ठेवायच्या, खाली छोटी मेणबत्ती लावायची — पण ते नको. ही बघा, ‘ड्रॅगनची जांभई’, दालचिनी आणि संत्र्याची साल. नाहीतर ‘चेटकिणीची बाग’. नावं तेवढी माझी हं! मेण, साचे, एकेक खवला कोरणं, सगळं माझ्या धाकट्या जावेचं. पाणी आणायला गेलीय, येईलच. मी काय, बोलायला बसते — उचलली जीभ लावली टाळ्याला.

काय म्हणालात? आईंना दमा? बाजारच्या वासांनी छाती भरते, म्हणून मुद्दाम नैसर्गिक शोधताय... हो, लिहिलंय खरं पाटीवर. अक्षर माझंच आहे. नाही नाही, खोटं नाही, बाकी सगळं अस्सल तेलांचं आहे, देवाशपथ — आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? फक्त ‘जलपरीचे खवले’. त्याचं काय झालं, त्यातल्या अस्सल तेलाचा वास मंद, थंड मेणात दबून असतो, वितळल्यावर फुलतो. आणि लोक बघणार थंडच! पहिल्या प्रदर्शनात माणसं खवले उचलायची, हुंगायची, नाक मुरडून ठेवायची. एक वडी खपली नाही. घरी जाताना ही म्हणते, ‘वहिनी, माझ्या हातालाच वास नाही हो.’ मला बघवेना तिचं तोंड. पुढच्या खेपेला घरी मेण वितळवताना दाराची घंटा वाजली, ती उठली, आणि मी बाटलीतला बनावट वास पातेल्यात ओतला. दोन थेंब — म्हणजे मनाशी मी दोनच म्हणते. झाकणभर होता.

साच्यातून काढल्यावर तिनं हुंगलं आणि नाचायचीच बाकी राहिली! ‘वहिनी, बसला माझा हात!’ त्या दिवशी तिनं मेण डावीकडून ढवळलं होतं म्हणे. आता येईल त्याला सांगते, डावीकडून ढवळा, वास धरतो. आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते. दर खेपेला तिला दाराशी पाठवायला काहीतरी निमित्त शोधते. लाज वाटते हो. तिच्यासाठी केलं म्हणते, पण खपायला लागल्यावर मलाही बरंच वाटलं की! आज सांगू, उद्या सांगू — कुठल्या तोंडानं सांगू? आज तुम्ही दम्याचं बोललात, नाहीतर तुम्हालाही बांधून दिलं असतं. दिलं असतं, खरंच.

तुम्ही हे ‘ड्रॅगनचं अंडं’ न्या. नुसतं मधमाशांचं मेण, कसलाच वास घातलेला नाही. तरी आधी आईंच्या डॉक्टरांना विचारा. आणि — आली ती. काही बोलू नका, पाया पडते तुमच्या.

आलीस? अगं, या बाई अंडं नेतायत. खवले? दाखवले ना, पहिले तेच दाखवले. नाही... नकोत त्यांना. का म्हणजे — वास नाही आवडला त्यांना. अगं, एवढं काय त्यात, एखाद्याला नाही आवडत. बघ, ठेव तो खवला खाली, लगेच तोंड नको पाडूस. तुझा हात चांगलाच आहे.

या तुम्ही. या आता.