खरजेची गोळी

रायपूरच्या दवाखान्यात बाकावर बसता बसता अपर्णानं आपली एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली घाईघाईनं पिशवीत खुपसली. शेजारी मायलेकांचं चाललं होतं.

“यशदीप, खरजेचं मलम डॉक्टरनं सगळ्या घराले लावाले सांगतलं ना?”

“हव, आई. मानेपासून पायापर्यंत.”

“मंग गोळी तू एकटाच काहून खाऊन राहिला? मलेबी दे.”

“वो सिर्फ मेरी है, आई.”

“खाज तर मले आहे! तुही कवाच गेली, तरी रोज गोळी?”

“अभी थोडी बाकी है.”

“मले तर काही समजूनच नाही राहिलं.” म्हातारी अपर्णाकडे वळली. “पोरी, तुह्या पिशवीतबी याच्या गोळ्यांसारखीच बाटली दिसली. तुलेबी खरूजच का?”

अपर्णानं यशदीपकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

“हव, मावशी. खरूजच.”