दाराच्या आत

कॉलेजच्या ऑफिसबाहेर, रांगेत माझ्यापुढे दोघे भाऊ उभे होते.

“दादा, आपली धाकटी बोलताना अडखळते, हे स्पॅनिशच्या बाईंना सांगितलंस ना?”

“सांगितलं. तोंडी परीक्षेतून सूट मागितली. म्हणाल्या, सूट कुणालाच नाही. वर्गाच्या दाराच्या आत आलं की फक्त स्पॅनिश बोलायचं.”

“मग?”

“म्हणाल्या, बाहेर थांबा आणि ऐका.”

“किती अडखळली?”

“एकदाही नाही रे. दहा मिनिटं घडाघडा बोलत होती. एकोणीस वर्षांत तिचं एक सबंध वाक्य ऐकलं नव्हतं मी.”

“काय बोलत होती?”

“मला कुठे कळतंय? कठडा धरून नुसता उभा होतो.”

“पण आज या रांगेत कशाला? तिचा पुढच्या वर्षाचा प्रवेश तर झालाय.”

“तिचा झालाय. हा स्पॅनिशचा फॉर्म माझा आहे.”